मोठ्या ध्वनिमुद्रणाचे फूरिये रूपांतर: चार सेकंदांनी लांब असलेली फाइलच का अडते?

धानबांधी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मागच्या पावसाळ्यात काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही गावाजवळच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर आणि खालच्या धानाच्या बांध्यांमध्ये रात्री बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. यंत्र बॅटरीवर चालणारे आहे. ते एका वाहिनीवर, १६ बिटमध्ये, सेकंदाला ४८,००० नमुने घेते आणि साधारण तासाभराची एक फाइल तयार करते.

या फाइलींचे फूरिये रूपांतर, म्हणजे आवाजात कोणत्या वारंवारता किती जोराच्या आहेत याचा हिशेब, मी पायथनमध्ये नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) १.२६ मधील साध्या एफएफटीने (जलद फूरिये रूपांतराने) करतो. महाविद्यालयातील संगणकात १६ जीबी रॅम आहे. अडचण अशी की, एका फाइलीत १७,२८,००,००० नमुने आहेत आणि तिचे रूपांतर खुर्चीत बसून वाट पाहता येईल इतक्या वेळात पूर्ण होते. दुसरी फाइल तिच्यापेक्षा जेमतेम चार सेकंदांनी मोठी आहे, तिच्यात १७,३०,००,५१९ नमुने आहेत, पण तिच्यावर हाच कार्यक्रम चालवला की डिस्कचा दिवा सतत जळत राहतो, माऊससुद्धा हलत नाही आणि शेवटी संगणक बंद करावा लागतो. रात्रभर चालू ठेवून पाहावे म्हटले तर आमच्याकडे विजेचा भरवसा नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे कोणत्या वारंवारतेच्या पट्ट्यात हाका येतात आणि रात्र चढते तसा त्यांचा जोर कसा बदलतो, हे पाहायचे आहे. दुसरी म्हणजे शेतातल्या मोटारपंपांची गुणगुण जवळजवळ प्रत्येक फाइलीत आहे, ती काढून टाकायची आहे. एका सहकाऱ्याने असे सुचवले आहे की एफएफटीसाठी नमुन्यांची संख्या नेहमी दोनचा घात असावी, म्हणून पुढे शून्ये भरून ती २६,८४,३५,४५६ करावी. हा सल्ला योग्य आहे का, आणि एवढ्याशा फरकाने संगणक का अडतो, हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

वर्धेकाठ

सर, आपण दोन्ही संख्या नेमक्या दिल्यात हे फार बरे झाले, कारण अडचणीचे मूळ त्या संख्यांतच आहे.

जलद रूपांतराची जी रीत कूली आणि टुकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली (गाउसच्या कागदांत ती १८०५च्या सुमारासच सापडते, पण ते असो), ती नमुन्यांची लांब ओळ आयतात मांडते, आधी आडव्या ओळींची आणि मग उभ्या ओळींची छोटी रूपांतरे करते. रोवणीच्या वेळी रोपांची एकूण संख्या अशी असावी की सारख्या लांबीच्या ओळी पूर्ण भरतील आणि एकही रोप उरणार नाही, तसाच हा प्रकार आहे. ओळ जितक्या लहान अवयवांत फुटते तितके काम कमी होते. आपली पहिली संख्या १७,२८,००,००० ही २ चा अकरावा घात, ३ चा तिसरा घात आणि ५ चा पाचवा घात यांचा गुणाकार आहे, म्हणजे तिच्यात पाचपेक्षा मोठा मूळ अवयवच नाही. दुसरी संख्या १७,३०,००,५१९ म्हणजे १७३ गुणिले १०,००,००३. हे दोन्ही अवयव मूळ संख्या आहेत. दहा लाखांच्या पुढची सर्वांत लहान मूळ संख्या तुमच्या फाइलीच्या लांबीत येऊन बसली आहे.

नमपायच्या १.१७ पूर्वीच्या, म्हणजे २०१९ पूर्वीच्या आवृत्त्यांत अशा अवयवासाठी पळवाट नव्हती. तिथे कामाचे माप साधारणपणे नमुन्यांची संख्या गुणिले तो मोठा अवयव इतके होई. आपल्या बाबतीत ते १७३ च्या पुढे बारा शून्ये एवढे भरते, आणि सेकंदाला एक अब्ज क्रिया धरल्या तरी त्याला दोन दिवस लागले असते. आपल्या आवृत्तीत पॉकेटएफएफटी हे एफएफटी करणारे सॉफ्टवेअर आहे. गार्खिंग येथील माक्स प्लांक खगोलभौतिकी संस्थेतील मार्टिन राइनेके यांनी ते लिहिले आहे. मोठा मूळ अवयव दिसला आणि हिशेबाने परवडत असेल तर ते लिओ ब्लूस्टाइन यांची १९७० साली प्रसिद्ध झालेली रीत वापरते. या रीतीत मूळ रूपांतर एका गुंफण-गुणाकारात (कॉन्व्होल्यूशनमध्ये) बदलले जाते आणि तो गुणाकार दुपटीहून किंचित मोठ्या, पण सहज फुटणाऱ्या लांबीवर साध्या एफएफटीने केला जातो. उत्तर अचूक येते. मात्र काम काही पटींनी वाढते, आणि मेमरीचा खर्च त्याहून अधिक बोचतो.

खात्री करून घ्यायची असेल तर लहान आकारावर प्रयोग करावा. ५,२४,२८८ ही संख्या २ चा एकोणिसावा घात आहे आणि तिच्या आधीची ५,२४,२८७ ही मूळ संख्या आहे. या दोन लांबींची यादृच्छिक संख्यांची दोन सरणी (अ‍ॅरे) घेऊन प्रत्येकीच्या रूपांतराचा वेळ मोजावा. एवढ्या आकाराला रॅम कमी पडत नाही, त्यामुळे जो फरक दिसेल तो निव्वळ अवयवांचा असेल. तो काही पटींचा असेल, पण संगणक गोठवण्याएवढा नसेल. म्हणजे आपल्या फाइलीच्या बाबतीत उरलेला दोष मेमरीचा आहे.

तातडीचा उपाय अगदी सोपा आहे. शेवटचे २,००,५१९ नमुने, म्हणजे सव्वाचार सेकंदांहून थोडा कमी आवाज, सोडून द्या आणि लांबी १७,२८,००,००० करा.

पांढरे_सोने

वर्धेकाठ भाऊंनी मेमरीचा उल्लेख केला आहे, त्याचे आकडे मांडते, कारण ते पाहिल्याशिवाय डिस्कचा दिवा का जळतो हे ध्यानात येत नाही.

सरांची मोठी फाइल डिस्कवर सुमारे ३४६ एमबी आहे. नमुने दुहेरी अचूकतेत (एका संख्येला ८ बाइट) आणले की ते १.३८ जीबी होतात. साध्या एफएफटीला वास्तव संख्या दिल्या तरी ती त्यांना आधी संमिश्र (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या) करून घेते, म्हणजे आणखी २.७७ जीबी. इथपर्यंत ठीक आहे. पण ब्लूस्टाइनच्या रीतीला निदान ३४,६०,०१,०३७ लांबीची संमिश्र मांडणी लागते आणि तशी एकच मांडणी साडेपाच जीबीची असते. तिच्यासोबत आधीच काढून ठेवलेले गुणक, आतल्या एफएफटीची कामचलाऊ जागा आणि तिचे स्वतःचे गुणक धरले तर बेरीज वीस जीबीच्या पुढे सहज जाते. रॅम सोळाची आहे. मग कार्यप्रणाली उरलेला भाग डिस्कवर ठेवू लागते, आणि एफएफटी सरणीच्या दूरदूरच्या टोकांना आलटून पालटून हात घालत असल्यामुळे तोच भाग पुन्हा पुन्हा आत-बाहेर होतो. डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर संगणक गोठल्यासारखा वाटणे स्वाभाविक आहे.

दोनच्या घाताचा सल्ला जुन्या काळी ठीक होता, आज तो इथे नुकसानकारक आहे. २६,८४,३५,४५६ ही लांबी मूळ लांबीच्या दीडपटीहून मोठी आहे, त्यामुळे मेमरी आणि वेळ दोन्ही विनाकारण वाढतील. २, ३ आणि ५ एवढेच अवयव असलेली लांबी जवळपास तितकीच चांगली चालते. अशी सर्वांत जवळची मोठी लांबी शोधून देणारे 'नेक्स्ट फास्ट लेन' नावाचे कार्य सायपाय या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीच्या एफएफटी विभागात तयार आहे. वास्तव आकडेवारी आहे असे त्याला सांगितले की ते ५ पर्यंतचे अवयव धरते, एरवी ११ पर्यंतचे धरते. शून्ये भरल्याने वारंवारतेचे बिंदू दाट दिसू लागतात, पण जवळच्या दोन स्वरांना वेगळे करण्याची ताकद त्याने वाढत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

याशिवाय तीन गोष्टी आधी कराव्यात. पहिली म्हणजे एफएफटीऐवजी आरएफएफटी वापरावी. ध्वनीचे नमुने वास्तव असल्यामुळे वर्णपटाचा (रूपांतरातून मिळणाऱ्या वारंवारतांच्या मांडणीचा) अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याचे प्रतिबिंब असतो आणि तो काढण्यात अर्थ नाही. दुसरी म्हणजे एकेरी अचूकता (एका संख्येला ४ बाइट) वापरावी. १६ बिटच्या ध्वनिमुद्रणाला २४ बिटची अचूकता भरपूर झाली. मात्र इथे एक खाच आहे. नमपायची एफएफटी २०२४ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपूर्वी एकेरी संख्या दिल्या तरी त्या मुकाट्याने दुहेरी करून घेत असे, आणि सर १.२६ वापरत आहेत. सायपायच्या १.४ आवृत्तीपासून असलेला नवा एफएफटी विभाग एकेरी संख्या तशाच ठेवतो, म्हणून तोच वापरावा. या दोन बदलांनी १७,२८,००,००० नमुन्यांसाठी आत जाणारी आणि बाहेर येणारी सरणी प्रत्येकी ०.६९ जीबी एवढीच राहते.

तिसरी गोष्ट मोजमापाची आहे. फाइल वाचणे, रूपांतर करणे आणि आलेख काढणे यांचा वेळ वेगवेगळा मोजावा. आठ-साडेआठ कोटी बिंदूंचा आलेख काढायला घेतला तर चित्र काढणारी लायब्ररीच कितीतरी वेळ खाते आणि दोष मात्र एफएफटीवर येतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. आणि हे काम लॅपटॉपवर, मे महिन्यात, पंख्याखाली चालले असेल तर प्रोसेसर तापल्यावर स्वतःचा वेग कमी करतो. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारी घेतलेला वेळ आणि पहाटे घेतलेला वेळ एकमेकांशी ताडून पाहू नये.

टेकडीमाथा

एवढी खटपट करण्यापेक्षा ग्राफिक्स कार्ड असलेला आंतरजालावरचा संगणक भाड्याने घेतला तर काम होणार नाही का?

पांढरे_सोने

होईल, पण प्रत्येक तासाला साडेतीनशे एमबी फाइल गावातल्या नेटवरून चढवावी लागेल, आणि त्या कार्डची मेमरीही मर्यादितच असते. लांबीतला मूळ अवयव तिथेही सोबत जाईल.

सातपुडा_पायथा

वरील उत्तरे बरोबर आहेत, पण मूळ प्रश्नातील दोन उद्देश पाहता मला असे वाटते की तासाभराच्या आवाजाचे एकसंध रूपांतर करण्याची गरजच नाही, आणि ते वेगाने झाले तरी सरांना हवे ते उत्तर त्यातून मिळणार नाही.

३,६०० सेकंदांच्या नमुन्यांचे रूपांतर केले की वारंवारतेच्या दोन बिंदूंतील अंतर एका हर्ट्झचा छत्तीसशेवा भाग एवढे येते. बेडकाची एक हाक सेकंदाच्या अंशाएवढी किंवा फार तर काही सेकंदांची असते आणि तिची वारंवारता तिच्यातच दहा-वीस हर्ट्झने हलते. म्हणजे जी बारकाई आपण मेमरी जाळून विकत घेतो ती आवाजातच नाही. शिवाय कोणती हाक दहा वाजून पाच मिनिटांनी आली आणि कोणती पावणेअकराला, ही माहिती अशा वर्णपटात परिमाणातून नाहीशी होते आणि कोनांमध्ये (फेजमध्ये) अशी विखुरते की डोळ्यांनी ती परत मिळवता येत नाही. रात्रीचा चढउतार पाहणे हाच उद्देश असेल, तर नेमका तोच येथे हातचा जातो.

त्याऐवजी आवाजाचे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकाचे वेगळे रूपांतर करावे. असा एक तुकडा म्हणजे खिडकी, आणि ती ४,०९६ नमुन्यांची घ्यावी. ती ८५ मिलिसेकंदांची होते आणि वारंवारतेचे अंतर ११.७ हर्ट्झ येते. शेजारच्या खिडक्या अर्ध्या एकमेकींवर ठेवल्या तर एका तासात सुमारे ८४,३७५ खिडक्या बसतात. खिडकीच्या कडा उताराच्या असाव्यात, म्हणजे दोन्ही टोकांकडे आवाज हळूहळू शून्यावर यावा; त्यासाठी हानची खिडकी हा प्रकार पुरेसा आहे. प्रत्येक खिडकीच्या वर्णपटाच्या परिमाणाचा वर्ग घेऊन मिनिटाला एक याप्रमाणे सरासरी काढली की पीटर वेल्च यांची १९६७ची रीत झाली. तासाचे साठ वर्णपट एका छोट्या तक्त्यात मावतील आणि सबंध रात्र एका चित्रात दिसेल. हे वेगवानही आहे, कारण दुहेरी अचूकतेतही एक खिडकी ३२ केबीची असते आणि प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्येच तिचे काम उरकते, तर कोट्यवधी नमुन्यांची सरणी दर टप्प्याला मुख्य मेमरीतून ओढावी लागते. फाइलही तुकड्यातुकड्याने वाचावी, म्हणजे एका वेळी दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त आवाज मेमरीत असणार नाही, आणि चार जीबीच्या जुन्या संगणकावरही काम होईल. या खिडक्या एका द्विमितीय सरणीत ओळीने मांडून सायपायला एकदम दिल्या तर 'वर्कर्स' हा घटक वाढवून काम प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांवर वाटता येते. एकमितीय लांब रूपांतराला हा घटक काहीच मदत करत नाही, आणि पुष्कळ जण तिथे तो वाढवून वेग का वाढत नाही म्हणून विचारत राहतात.

आता मोटारपंपाविषयी. सर, आपले यंत्र बॅटरीवर चालते, म्हणजे त्यात विजेच्या तारेतून ५० हर्ट्झ शिरण्याचा मार्ग नाही. जे ऐकू येते ते हवेतून येते. प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहामुळे मोटारीच्या लोखंडावरचे चुंबकीय बल प्रत्येक आवर्तनात दोनदा वाढते, म्हणून तिची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झला आणि त्याच्या पटींना असते. ५० वर शोधाल तर हाती फारसे लागणार नाही. त्यात भर म्हणून यांत्रिक आवाज असतो. चार ध्रुवांच्या मोटारीचा समकालिक वेग मिनिटाला १,५०० फेरे असतो, भाराखाली ती त्यापेक्षा थोडी मागे पडते, आणि किती मागे पडते हे विहिरीतल्या पाण्याची पातळी आणि भार यांवर ठरते. त्यामुळे तिच्या फेऱ्यांच्या रेषा रात्रभर एका जागी राहत नाहीत.

एकसंध रूपांतर घेऊन १०० हर्ट्झचा बिंदू शून्य करावा, ही कल्पना अनेकांना सुचते. पण भारतीय वीज ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे, म्हणजे नियमाच्या आतसुद्धा ती ०.१५ हर्ट्झ हलू शकते आणि दुप्पट वारंवारतेला हा पट्टा ०.३० हर्ट्झचा होतो. तासाभराच्या रूपांतरात तेवढ्या पट्ट्यात १,०८० बिंदू येतात. एक बिंदू शून्य करून काही होत नाही, आणि हजारभर बिंदू एकदम शून्य केले तर उलट रूपांतरानंतर सबंध तासावर त्याचे लांब पडसाद उमटतात. येथे फूरिये रूपांतर हे हत्यारच चुकीचे आहे. वेळेच्या अंगाने चालणारी, म्हणजे नमुने ओळीने एकामागून एक घेणारी गाळणी (फिल्टर) वापरावी. आपल्या बेडकांच्या हाका कोणत्या वारंवारतेच्या खाली जात नाहीत हे आधी वरील तक्त्यातून पाहावे आणि त्याच्या थोडे खाली उच्चगामी (खालचे स्वर अडवणारी) गाळणी लावावी. मोठ्या बेडकाचा खालचा स्वर गुणगुणीच्या पटींमध्ये मिसळत असेल तर तेवढ्या पट्ट्यापुरती तडजोड करावी लागेल, ती टाळण्याचा स्वस्त उपाय नाही.

धानबांधी

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचे नमुने सोडून दिल्यावर मोठी फाइल पहिलीइतक्याच वेळात पूर्ण झाली, आणि मूळ संख्येचा लहान प्रयोग आता बारावीच्या वर्गात दाखवणार आहे. सातपुडा_पायथा सरांनी सांगितल्याप्रमाणे खिडक्यांची रीत लावली तेव्हा मला हव्या असलेल्या हाका पाच हजार हर्ट्झच्या खालीच आहेत असे दिसले. गुणगुणही खरोखर १०० आणि २०० वर आहे.

दोन शंका उरल्या आहेत. फाइल तुकड्यांनी वाचून प्रत्येक तुकड्यावर गाळणी लावली की तुकड्यांच्या सांध्यावर टिक असा आवाज येतो, तो कसा टाळावा? आणि पाच हजारांच्या वर काहीच नको असेल तर नमुने आधीच कमी करून घेणे योग्य ठरेल का?

सातपुडा_पायथा

टिक येण्याचे कारण असे की प्रत्येक नव्या तुकड्याला गाळणी कोरी पाटी घेऊन सुरू होते. सायपायमध्ये गाळणी द्वितीय श्रेणीच्या छोट्या खंडांत फोडून लावणारे 'एसओएस फिल्ट' हे कार्य आहे. त्याला आरंभस्थिती देता येते आणि ते शेवटची स्थिती परत देते. पहिल्या तुकड्याची शेवटची स्थिती दुसऱ्याची आरंभस्थिती म्हणून द्यावी, याप्रमाणे तासाच्या अखेरीपर्यंत करावे. सांधा उरत नाही. पुढे-मागे दोन्ही दिशांनी चालणारे 'एसओएस फिल्ट फिल्ट' तुकड्यांवर असे वापरता येत नाही, कारण त्याला पुढचा आवाज आधी माहीत असावा लागतो. हाकेच्या वेळेत काही मिलिसेकंदांचा उशीर आपल्या कामाला बाधक नाही, म्हणून एकदिश गाळणी चालेल. खिडक्यांच्या बाबतीत मात्र मागच्या तुकड्यातले शेवटचे २,०४८ नमुने पुढच्या तुकड्याच्या आरंभी जोडायला विसरू नये, नाही तर प्रत्येक सांध्यावर एक खिडकी गळते.

वर्धेकाठ

नमुने कमी करणे योग्यच ठरेल. ४८,००० वरून १२,००० वर यावे, म्हणजे सहा हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज शिल्लक राहतो आणि तासाचे ४,३२,००,००० नमुने उरतात. फक्त दर चौथा नमुना उचलून बाकीचे टाकू नयेत, कारण तसे केल्यास रातकिड्यांचा सहा हजारांच्या वरचा आवाज घडी पडून खाली येईल आणि बेडकांच्या पट्ट्यात मिसळेल. आधी निम्नगामी (वरचे स्वर अडवणारी) गाळणी, मग प्रत्येक चौथा नमुना. तुकड्यांची लांबी चारने भागली जाणारी ठेवावी, म्हणजे उचलण्याची जागा सांध्यावर सरकणार नाही. खिडकी १,०२४ नमुन्यांची केली की वारंवारतेचे अंतर पूर्वीसारखेच ११.७ हर्ट्झ राहील आणि आधीचे तक्ते नव्या तक्त्यांशी थेट ताडता येतील.